गावची राई आणि शाळेची नोंदवही

(विषय : परिसर-अभ्यास. इयत्ता : चौथी व पाचवी. लागणारे तास : तीन. योग्य काळ : दिवाळीच्या सुट्टीनंतर होळीपर्यंत.)

प्रास्ताविक

सावित्री नदी महाबळेश्वराच्या माथ्यावर उगम पावते, पोलादपूर व महाड या तालुक्यांतून वाहत येते, दासगावाजवळ तिला खाडीचे रूप येते आणि पुढे बाणकोटापाशी ती समुद्रास मिळते. इतक्या थोड्या अंतरात उंची, पाऊस व माती ही तिन्ही बदलत जातात आणि त्यांबरोबर रानही बदलते. माथ्यावर बारमाही हिरवे असणारे जंगल, उतारावर हिरवी व पानगळी झाडे यांचे मिश्रण, पायथ्याशी साग, ऐन व किंजळ आणि खाडीकाठी तिवर, असा क्रम लागतो. भूगोलाच्या पुस्तकात जे चार पानांवर वाचावयाचे, ते येथील मुलांना एका नदीच्या काठाने पाहता येते.

असे असूनही या रानातील झाडापाखरांची नावे मुलांच्या तोंडी फारशी राहिलेली नाहीत. आजोबांना माहीत असलेली पन्नास नावे नातवापर्यंत येताना दहाच उरतात. ज्याचे नाव ठाऊक नाही, ते नाहीसे झाले तरी कोणाच्या ध्यानात येत नाही. यास्तव देवराई पाहणे, तीमधील जीवांची नोंद करणे व गावाने ती का राखली याचा विचार करणे, असा तीन तासांचा पाठ येथे दिला आहे.

पाठाचे हेतू

१. सह्याद्रीच्या या भागातील रानाचे स्वरूप मुलांस समजावे.
२. देवराई म्हणजे काय व ती कशी टिकली, हे त्यांनी कारणांसह सांगावे.
३. वनस्पती व प्राणी राखण्याचे जुने आणि नवे उपाय त्यांस उदाहरणांनी कळावेत.
४. पाहिलेले खरे तेच लिहिण्याची सवय लागावी.

शिक्षकांसाठी विषयज्ञान

(अ) येथील रान कोणत्या प्रकारचे?

विषुववृत्ताजवळील ॲमेझॉन किंवा काँगो नदीच्या खोऱ्यात वर्षातील बहुतेक महिने पाऊस पडतो. तेथील वर्षावन म्हणूनच सदैव ओले व हिरवे असते. कोकणातही पाऊस अतोनात पडतो. परंतु तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. पुढील आठ महिने कोरडे असतात. केरळात वळवाच्या व परतीच्या पावसामुळे हा कोरडा काळ कमी असतो. उत्तरेकडे यावे तसा तो वाढत जातो. म्हणजे महाड-पोलादपूरकडील सदाहरित झाडे आपल्या राज्याच्या सीमेवर उभी आहेत, असे म्हणता येईल. जेथे दाट सावली आहे, खाली पालापाचोळ्याचा थर आहे व जमिनीत ओल टिकते, तेथेच ती जगतात.

सावली गेली की काय होते, ते मुलांना क्रमाने सांगावे. मोठी झाडे तुटतात; ऊन जमिनीपर्यंत पोचते; पाचोळा वाळतो व पहिल्या पावसात वाहून जातो; तेथे गवत माजते; उन्हाळ्यात गवताला वणवा लागतो आणि वणव्यात कोवळी रोपे जळून जातात. सदाहरित जातींपैकी कित्येकांचे बी मोठे व ओलसर असते. ते वाळले की मरते. असे बी वर्षानुवर्षे मातीत पडून राहून पुढे रुजेल, ही आशा नसते. फळ खाऊन बी दूर नेणारे धनेश, वटवाघूळ, उदमांजर यांसारख्या जीवांवर अशा झाडांचा विस्तार अवलंबून असतो. झाड व पाखरू ही एकमेकांच्या आधाराने उभी आहेत, हे या पाठातील मुख्य तत्त्व होय.

२०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळे जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. त्यांत महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली व राधानगरी ही चार स्थळे आहेत. सावित्रीच्या खोऱ्यातील गावे त्या यादीत नाहीत. म्हणून येथील रान राखण्याचा भार वनखात्याबरोबर गावांवरही आहे.

(ब) देवराई कशी टिकली?

देवराईस कोठे नुसती राई, कोठे देवरहाट म्हणतात. काळकाई, वाघजाई, सोमजाई, भैरी अशा देवतांच्या नावाने गावाने रानाचा एक तुकडा सोडून दिलेला असतो. त्यात कुऱ्हाड चालवावयाची नाही, हा मुख्य नियम. काही ठिकाणी पडलेले लाकूडही घरी न्यावयाचे नाही. देवळाच्या कामासाठी एखादे झाड हवे असल्यास देवाला कौल लावून गावाने मिळून ठरवावयाचे, अशी रीत असे. रस्ते होण्यापूर्वी कुलाबा जिल्ह्यातून जळाऊ लाकूड खाडीच्या मार्गाने मुंबईस जात असे आणि पुढे कोळशासाठीही डोंगर उघडे झाले. त्या काळातही राया उभ्या राहिल्या, याचे कारण हा नियम.

या रायांचा शास्त्रीय अभ्यास पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतील वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७०नंतरच्या दशकात केला. त्यांच्या फिरतीत श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावची राई आढळली. ती तोडली जाण्याचा प्रसंग आला असता गावकऱ्यांनी ती वाचवावी असा आग्रह धरला. भोवतालचे डोंगर उघडे झाल्यावर पाण्याचे इतर प्रवाह आटले होते; राईतून येणारा प्रवाह तेवढा गावाच्या आधाराला उरला होता. त्याच राईत गारंबीचा एक प्रचंड वेल होता. गुरांना साप चावल्यास औषध म्हणून त्या वेलाची साल नेण्यास दूरदूरच्या गावांहून लोक येत. सालीचा गुण किती, हा प्रश्न वेगळा. आसपासच्या मुलखात तो वेल त्या एका राईतच उरला होता, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

गाणीच्या उदाहरणावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. राई राखण्यामागे श्रद्धा होतीच. पण पाण्याची गरजही लोकांना नीट कळत होती. आणि गाव बोलले, म्हणून राई राहिली.

(क) आजचे नवे उपाय

केवळ धाकाने राई राहील, असे दिवस आता नाहीत. म्हणून जुन्या नियमास नव्या उपायांची जोड देण्याचे प्रयत्न चालू आहेत. त्यांतील काही शिक्षकांस ठाऊक असावेत.

पहिला उपाय, उभ्या झाडास मोल आणून देण्याचा. बेहड्याचे लाकूड फार किमतीचे नसते, त्यामुळे जुने बेहडे जळणासाठी सहज तोडले जातात. परंतु अशाच जुन्या, पोकळ झालेल्या बेहड्यांच्या ढोलीत धनेश पक्षी घरटे करतो. मादी ढोलीत शिरून तिचे तोंड लिंपून घेते. बारीक फट तेवढी ठेवते. नर बाहेरून फळे आणून तिला व पुढे पिलांना भरवितो. ते झाड तोडले, तर एका वेळी साऱ्या कुटुंबाचा नाश होतो. रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्यात पुण्याच्या ‘अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन’ या संस्थेने बेहड्याच्या फळांस ‘फेअरवाइल्ड’ या प्रमाणपत्राच्या आधारे बरा भाव मिळवून दिला. त्रिफळ्यासाठी ही फळे लागतात. फळे वेचावयाची ती नियमाने, काही झाडाखाली ठेवावयाची, आणि झाड तोडावयाचे नाही, असा त्यामागील करार. खाजगी रानाच्या मालकांशी ठराविक वर्षे रान न तोडण्याचे करारही या संस्थेने केले आहेत. परदेशातही असा विचार झालेला आहे. कोस्टा रिका या लहान देशात १९९७पासून जंगल राखणाऱ्या जमीनमालकांस सरकार मोबदला देते.

दुसरा उपाय, शिकाऱ्यासच राखणदार करण्याचा. अरुणाचल प्रदेशातील पाके व्याघ्रप्रकल्पाच्या शेजारी न्यिशी जमातीचे लोक राहतात. धनेशाची चोच शिरोभूषणात मिरविण्याची त्यांची जुनी चाल. २०११ च्या सुमारास गावपंचांची संस्था, वनखाते व ‘नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन’ यांनी मिळून घरट्यांच्या दत्तकाची योजना सुरू केली. शहरातील लोक एकेका घरट्यासाठी वर्गणी देतात आणि गावातील माणसे पगार घेऊन त्या घरट्यांवर नजर ठेवतात. त्यांत पूर्वी शिकार करणारेही आहेत. शिरोभूषणासाठी कृत्रिम चोची वापरात आणल्या गेल्या. चाल राहिली आणि पाखरूही राहिले.

तिसरा उपाय, अपायाचे मूळ शोधून ते दूर करण्याचा. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे गिधाडे मरतात असे सिद्ध झाल्यावर २००६ साली भारतात गुरांसाठी त्याच्यावर बंदी आली. तोवर देशातील गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली होती. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातील चिरगाव येथे महाडच्या ‘सीस्केप’ संस्थेने गावकऱ्यांच्या साहाय्याने उंच झाडांवरील गिधाडांची घरटी राखली व मेलेली जनावरे त्यांना खाद्य म्हणून उपलब्ध करून दिली. औषधावरील बंदी दिल्लीस झाली. पण घरट्याचे झाड गावानेच राखावयाचे होते.

चौथा उपाय, नोंदीचा व कायद्याचा. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयाची व तिने लोक-जैवविविधता नोंदवही ठेवावयाची आहे. गावातील झाडे, प्राणी, पिकांचे जुने वाण व त्यांविषयीचे लोकांचे ज्ञान यांची ही वही. याच कायद्याने एखाद्या मोलाच्या जागेस जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर करता येते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथे देवराईमध्ये रानजायफळाची दलदल आहे. दक्षिणेकडील वर्षावनाचा हा दुर्मिळ प्रकार महाराष्ट्रात तेथे आढळला व २०२०–२१ या काळात त्या जागेस हा मान मिळाला. आंबोली येथील हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडात आढळणारा एक लहान मासा २०२० साली शास्त्रास नव्याने ज्ञात झाला आणि २०२१ साली ते स्थळही याच प्रकारे संरक्षित झाले. देवळाचे पाणी म्हणून लोकांनी ते कुंड स्वच्छ ठेवले होते, म्हणून मासा तेथे होता.

पाठाची मांडणी

पहिला तास : वर्गात. फलकावर सावित्री नदीचा नकाशा काढावा. माथा, उतार, पायथा व खाडी अशा चार जागा दाखवाव्यात. प्रत्येक जागी कोणती झाडे आढळतात, हे मुलांकडूनच काढून घ्यावे. नंतर पुढील प्रश्न विचारावेत : पाऊस चार महिने पडतो, तर मे महिन्यात झऱ्यास पाणी कोठून येते? तुमच्या गावी कुऱ्हाड न लावण्याची जागा आहे काय? ती कोणी ठरविली? उत्तर न आल्यास ते घरी वडीलधाऱ्यांस विचारून येण्यास सांगावे.

दुसरा तास : राईत. सरपंच, गुरव व मानकरी यांस आधी कळवावे. गावात राई नसेल, तर ग्रामदेवतेच्या आवारातील जुने झाड पुरे. दासगावसारख्या खाडीकाठच्या गावी बांधावरून दिसणारा तिवरांचा पट्टाही चालेल. मात्र भरतीची वेळ टाळावी व मुलांस पाण्यात उतरू देऊ नये, कारण सावित्रीत मगरी आहेत. मुलांचे चार-चारांचे गट पाडून प्रत्येक गटास दोरीने आखलेला दहा पावले लांब व दहा पावले रुंद तुकडा द्यावा. गावातील एक जाणती व्यक्ती बरोबर असावी. प्रथम पाच मिनिटे कोणी बोलू नये. ऐकू आलेले आवाज मोजावेत. मग राईतील जमिनीवर व बाहेरच्या उघड्या जमिनीवर हात ठेवून ओल व गारवा ताडून पाहावा. सदाहरित झाडे येथे का टिकली, हे यावरून मुलांना कोणीही न सांगता उमजते.

तिसरा तास : नोंद. प्रत्येक जीवासाठी वहीत पुढील रकाने आखावेत :

१. येथील नाव, दुसऱ्या वाडीत निराळे नाव असल्यास तेही.
२. कोठे पाहिले व कोणत्या तारखेस.
३. फुले, फळे किंवा नवी पालवी होती काय.
४. त्यावर कोणते पाखरू, फुलपाखरू वा प्राणी दिसला.
५. गावात त्याचा काय उपयोग करतात.
६. हे कोणी सांगितले. स्वतः पाहिले की ऐकले.

सहावा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. पाहिलेले व ऐकलेले यांतील भेद मुलाने येथेच शिकावा. नमुन्यादाखल एक नोंद फलकावर लिहून दाखवावी. ‘उंबर. झऱ्याच्या कडेस. फळे खोडावरच लागलेली. हरियालांचा थवा फळे खात होता, पाहिले. या झाडाजवळ पाणी लागते, ऐकले.’ ओळख पटली नाही, तर चित्र काढून खाली ‘नाव माहीत नाही’ असे लिहावे. अंदाजाने नाव घालू नये. ही वही दरवर्षी पुढच्या वर्गाच्या स्वाधीन करावी. पाच वर्षांनी त्याच तुकड्यात काय वाढले व काय गेले, हे ती सांगू शकेल. ग्रामपंचायतीच्या नोंदवहीस या शालेय वहीचा आधार होऊ शकतो.

घ्यावयाची काळजी

मुले ‘झाड तोडले तर देव रागावतो काय?’ असे विचारतील. शिक्षकांनी श्रद्धेची थट्टा करू नये आणि धाकही घालू नये. ‘आपल्या वाडवडिलांनी देवाच्या नावाने नियम केला. त्या नियमाने आपल्याला काय काय मिळाले, ते मोजून पाहू,’ असे उत्तर द्यावे.

राईत जाण्यास मुलींना किंवा कोणत्याही समाजाच्या मुलांना मज्जाव होईल असे वाटल्यास ती जागा सोडून दुसरी निवडावी. ज्या महाडात १९२७ साली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, त्या तालुक्यातील शाळेच्या सहलीत एकही मूल बाहेर उभे राहता कामा नये.

औषधी वनस्पतींची माहिती सांगणाऱ्याच्या संमतीवाचून लिहू नये. ते त्यांचे ज्ञान आहे. मुलांनी कोणतेही पान, फळ वा मूळ चाखून पाहू नये.

दरडींचा विषय निघेल. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहण व कोंडिवते येथे आणि २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे दरडी कोसळल्या. वर्गात त्या दुःखाची झळ लागलेली मुले असू शकतात. मुळे मातीचा वरचा थर धरून ठेवतात, हे खरे. पण अतिवृष्टीत डोंगराचा खोल भाग सुटला तर झाडांसह उतार खाली येतो. म्हणून ‘झाडे तोडली म्हणून दरड आली’ असे एका वाक्यात सांगू नये. उताराचा कोन, मातीची जाडी, मुरणारे पाणी, खोदकाम व झाडे अशी अनेक कारणे असतात, एवढेच सांगावे.

जीर्णोद्धाराचा प्रश्न

आज राईस कुऱ्हाडीपेक्षा जीर्णोद्धाराचे भय अधिक आहे. मुंबईस असलेले गावकरी प्रेमाने वर्गणी पाठवितात. झाडाखालच्या उघड्या पाषाणास मोठे देऊळ होते. मग सभामंडप, फरसबंदी, गाड्यांसाठी मोकळी जागा. देऊळ वाढते व राई घटते. यात कोणाचा दुष्टावा नसतो. झाडे किती व कोणती आहेत, हे कोणी मोजलेलेच नसते, म्हणून ती गेल्याचा हिशेब होत नाही.

अशा वेळी शिक्षकांनी वाद घालू नये, परंतु गप्पही बसू नये. मुलांनी केलेला राईचा नकाशा ग्रामसभेपुढे ठेवावा. झरा कोठे आहे, जुना बेहडा कोणता, कोणत्या झाडावर घरटे आहे आणि मंडप कोणत्या बाजूस सरकविला असता झाड वाचते, हे त्यावर दिसावे. आपल्याच लेकरांनी मोजून आणलेली संख्या गाव ऐकून घेते. गाणीच्या लोकांना आपला ओढा कोठून येतो हे ठाऊक होते, म्हणून त्यांना बोलता आले. ही माहिती पुढील पिढीच्या हाती असणे, हा या पाठाचा खरा उपयोग होय.

स्वाध्याय

१. घरातील वडीलधाऱ्या माणसास विचारून रानातील वीस झाडांची नावे लिहा. त्यांतील तुम्ही स्वतः पाहिलेल्या झाडांपुढे खूण करा.
२. धनेश नाहीसा झाला, तर रानातील झाडांवर काय परिणाम होईल?
३. राईतील व बाहेरील जमिनीत आढळलेले तीन भेद लिहा.
४. तुमच्या गावी पूर्वी दिसणारा, पण आता न दिसणारा एक पक्षी किंवा प्राणी कोणता? तो शेवटी केव्हा दिसला, असे लोक सांगतात?

शिक्षकांस सूचना

एकशिक्षकी व द्विशिक्षकी शाळांनी तिसरी ते पाचवीचे वर्ग एकत्र करून हा पाठ घ्यावा. लहान मुलांनी आवाज मोजावेत व चित्रे काढावीत, मोठ्यांनी नोंदी लिहाव्यात. वहीवर शाळेचे नाव, वर्ष व राईचे नाव घालून ती शाळेच्या कपाटात दप्तराबरोबर जपून ठेवावी. बदली होऊन जाणाऱ्या शिक्षकांनी ती नव्या शिक्षकांच्या हाती समक्ष द्यावी.